शिट्टी होईपर्यंत

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की मी चहाच्या कपाकडं बघत बसतो. आमच्या गल्लीमागं अजून दोन-तीन शेतं उरली आहेत, क्लासवाल्यांच्या इमारती तिथवर पोचायच्या राहिल्यात. तिथं मळणीयंत्र लागलं की त्याची घरघर जमिनीतून येते. आधी तळपायांना कळते, मग कानांना. वरच्या खोल्यांत माझे भाडेकरू, म्हणजे डॉक्टर व्हायला लातुरात आलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं, पुस्तकात डोकं घालून असतात. त्यांना काही होत नाही. मी मात्र कप टेबलावर ठेवतो आणि चहा हलतोय का ते पाहतो. आता वय एक्याऐंशी. इतकी वर्षं झाली, तरी तळपायांनी काही विसरायचं मनावर घेतलेलं नाही.

यंदा मळणीबरोबर आणखी एक गोष्ट आली. गल्लीच्या तोंडाशी, डॉक्टरकीला नंबर लागलेल्या मुलांचे फोटो असतात त्या फलकांच्या रांगेत, एक वेगळाच फलक लागला. दोन उघडे, धिप्पाड पुरुष, मुठींना हातमोजे. खाली लिहिलेलं, हेवीवेट मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धा. शेजारच्या फलकावरची चष्मेवाली मुलगी त्यांच्याकडं घाबरून बघतेय असं वाटायचं.

स्पर्धा भरवणारा राहुल माझ्याच शाळेतला. मी तिथं कवायतीचा मास्तर होतो. परवा तो घरी आला.

"सर, फायनलला जिंकणाऱ्याला पट्टा तुमच्या हातून द्यायचा. लातुरात कुस्तीचे जुने पंच आता तुम्हीच राहिलात."

"मला त्यातलं काय कळतं बाबा?"

"कुस्तीच हाय सर. माती न्हाई एवढंच. अन् जरा ठोसे हायेत."

"जरा?"

तो हसला. "भिऊ नका सर. कुणाला सोसंना झालं की तो हातानं थोपटतो. थोपटलं की संपलं. समोरचा लगेच सोडतो."

त्या शब्दाशी मी खुर्चीतून उठलो. येतो म्हणालो. राहुलला वाटलं, मानानं बोलावलं म्हणून सर खूश झाले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा तो हिवाळा मला वासांनी आठवतो. पडलेल्या गावांवर फवारलेल्या पावडरचा वास, भिजलेल्या मातीच्या भिंतींचा वास, वाटपात आलेल्या घोंगड्यांचा तेलकट वास. औसा-उमरग्याकडची गावं एका पहाटेत गेली होती. लातूर उभं होतं, पण उभ्या घरात शिरायचं कुणाचं धाडस होत नव्हतं. शाळेतर्फे आम्ही तिकडं दगड उपसायला गेलो होतो. एका घराची चौकट तेवढी जागेवर होती. दाराला कडी घातलेली, आणि दारामागं काही नाही. आमच्यातल्या एकानं ती कडी काढून दार उघडलं, मग पलीकडं गेला. बाजूनं मोकळं होतं तरी.

माझ्या बायकोनं, कुसुमनं, फळीवर तांब्यावर तांब्या रचून वर एक वाटी पालथी घातली होती. वाटी वाजली की पळायचं. तेव्हा घरोघरी अशा उतरंडी होत्या. मांजराचा धक्का लागला तरी आम्ही पळायचो. मोरीचं दार कुणी लावत नसे. माणसं लाज सोडून भ्यालेली होती. जेवताना एक पाय उंबऱ्याकडं असायचा. बाहेर गेल्यावर कुसुम एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्या आधी बाहेर होता." ती हसत म्हणाली होती. मीही हसलो.

शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांना पळायला शिकवायचं काम माझ्याकडं आलं. पटांगणात उभं करून मी सांगायचो, "आवाज आला की पळायचं. कशाचा आवाज ते बाहेर गेल्यावर बघायचं. दप्तर घ्यायचं नाही, मागं वळायचं नाही." मग वर्गात बसवून मी टेबल सरकवायचो आणि मुलांच्या पुढं स्वतः पळून दाखवायचो. रोज, कधी दिवसातून दोनदा. माझा पळण्याचा वेग वाढला होता. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं.

थंडी सरता सरता कुणीतरी कुस्त्यांचा विषय काढला. माणसांनी चार महिने मातीतून फक्त मुडदे निघताना पाहिले होते, आता मातीत जिवंत अंगं भिडताना बघू द्या, असं बोलणं झालं. खुल्या गटाची स्पर्धा ठरली. खुला गट म्हणजे ज्याला वजनाची वरची मर्यादा नाही, अशा दांडग्या पैलवानांचा. शहराबाहेर मोकळ्या रानात कुस्तीचा हौद खणला. वर मांडव नव्हता, मुद्दामच, कारण छपराखाली बसायला कुणी तयार नव्हतं. मातीत हळद, तेल, ताक मिसळलं. हलगी वाजली तेव्हा म्हातारी माणसं रडली. मी मुख्य पंच होतो.

एक नियम मी स्वतः घातला होता. जुन्या कुस्तीत काही बेरकी पैलवान हरल्यासारखी माती थोपटत. समोरचा भोळेपणानं पकड सैल करी, आणि हा उसळून त्याला चीत करी. त्यावरून मागं मारामाऱ्या झाल्या होत्या. म्हणून प्रत्येक कुस्तीआधी मी दोघांना समोर घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचो, "थोपटणं पंच बघंल. तुम्ही शिट्टी ऐकायची. शिट्टी होईपर्यंत पकड सोडायची न्हाई. ज्यानं सोडली तो हरला." मैदानातली माणसं हे माझ्याबरोबर म्हणू लागली होती, आरतीसारखं.

शेवटची कुस्ती रेणापूरकडच्या बाबुराव पैलवानाची आणि मुखेडच्या माधवची. बाबुराव पस्तिशीचा, पोट सुटलेला, हसरा गडी. भूकंपानंतर त्यानं उघड्या हातांनी किती माणसं काढली होती ते सगळा जिल्हा सांगायचा. माधव तेवीस वर्षांचा, उंच, मान खाली घालून चालणारा.

"काय रे मुखेडकर," बाबुरावनं त्याला हौदात डिवचलं, "आईला सांगून आलास का?"

"हाव की," माधव म्हणाला. "बाबुरावदादाला जेवायला घेऊन येतो म्हणलं. भाकरी जास्तीच्या टाकायला लावल्यात."

रान हसलं. मीही हसलो, शिट्टी दातांत धरून. मी नियम सांगितला. दोघांनी माती कपाळाला लावली.

ऊन कलतं होतं. बराच वेळ दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकवून रेटत होते, बैलांसारखे. मग माधवनं बाबुरावची मान काखेत घेतली आणि त्याला खाली दाबून वळवायला लागला. त्याचं तोंड बाबुरावच्या पाठीत गाडलेलं, डोळे मिटलेले. बाबुराव थोडा वेळ तटून राहिला. मग त्याचा उजवा हात मोकळा झाला आणि त्यानं माती थोपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी बघितलं. हात-दोन हातांवरून बघितलं. शिट्टी माझ्या दातांत होती, छातीत हवा भरून घेतली होती.

तेवढ्यात जमिनीतून घरघर आली.

त्या वेळी मनात काय आलं हे मी इतक्या वर्षांत अनेकदा आठवून पाहिलं आहे. मनात काहीही आलं नाही. बाबुरावही आला नाही आणि कुसुमही नाही. मी हौदाच्या कडेला होतो, आणि मग मी बांबूच्या कठड्याच्या पलीकडं, रस्त्यावर, एका बाभळीच्या बुंध्याला धरून उभा होतो. मधलं अंतर आठवत नाही. माझ्या मागून माणसं येत होती. पायांचा, किंकाळ्यांचा, कठडा मोडल्याचा आवाज. मी वळून पाहिलं तेव्हा सगळं रान माझ्या दिशेनं पळत होतं आणि हौदात दोघंच होते. माधवनं पकड सोडलेली नव्हती. तो गलका त्याला कुस्तीचाच वाटला असणार. शिट्टी झाली नव्हती आणि तो नियमानं धरून होता. बाबुराव आता थोपटत नव्हता.

मी धावत परत गेलो. शिट्टी अजून तोंडातच होती. हौदाशी पोचून मी ती फुंकली. फुंकल्याबरोबर, त्याच क्षणी, माधवनं हात मोकळे केले. उठून त्यानं हसत माझ्याकडं पाहिलं. जिंकलो का, असं त्या तोंडावर होतं. मग त्यानं खाली पाहिलं.

बाबुरावचे हातपाय त्या दिवसापासून गेले.

माणसं परतली. त्यांनी ऐकलेली शिट्टी ती होती, मी परत येऊन वाजवलेली. त्यामुळं, शिट्टी वाजल्याचं आम्ही ऐकलं, असं शंभर माणसं खरेपणानं सांगत होती. चौकशीला बसलेल्या बुजुर्गांनी मला विचारलं, "मास्तर, थोपटल्यावर शिट्टी दिली होती का?" मी म्हणालो, "दिली होती. हादऱ्याच्या गोंधळात त्यानं ऐकली नसेल, नाहीतर ऐकून सोडलं नसेल." हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं.

माधव कोपऱ्यात उभा होता. "देवाशप्पत सांगतो, शिट्टी एकदाच झाली," तो म्हणत होता. "झाल्याबरुबर सोडलं जी म्या." कुणीतरी त्याला गप बस म्हणालं. त्याला कायमचं मैदानाबाहेर काढलं. मुखेडच्या बाजारात पोरं त्याला मानमोड्या म्हणू लागली.

घरी गेल्यावर कुसुमनं माझ्या सदऱ्याच्या खिशातून शिट्टी काढली, उजेडाकडं धरली आणि म्हणाली, "दात रुतलेत हिच्यात." पुढं तिनं काही विचारलं नाही, शेवटपर्यंत विचारलं नाही. ती शिट्टी आज या कागदाशेजारी आहे. वरच्या बाजूला दोन दात, खालच्या बाजूला एक.

आणि ती घरघर. त्याच संध्याकाळी एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं. कठड्यामागून कुस्ती दिसेना म्हणून चार माणसांनी उभं राहायला डांबराचं रिकामं टिपाड फळ्यांवरून गडगडत आणलं होतं. बस, एवढंच. त्यांनी भीतीनं चारचौघांत तोंड उघडलं नाही, मीही नाही. लोक मला पळताना पाहून पळाले होते. पंच पळतो म्हणजे हादराच, असं त्यांना वाटलं, आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाच्या पायाला तो हादरा जाणवलाही होता. कुणी म्हणे दोन झटके, कुणी म्हणे तीन.

बाबुरावला भेटायला मी एकदाच गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर होता. त्याची नजर तेवढी फिरायची. हसरा गडी, तेव्हाही हसला.

"मास्तर, मी थोपटलं व्हतं ना?"

"मला दिसलं न्हाई बाबुराव."

त्यानं नजर पत्र्याकडं वळवली. "मग न्हाई थोपटलं असंल. वाटलं मला, थोपटलं म्हणून." मग म्हणाला, "त्या पोराला काय बोलू नका. भोळं हाय ते."

काही वर्षांनी तो गेला. मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी मला ताप होता असं मी सांगितलं, आणि भीतीनं खरंच ताप भरला.

मग लातूर बदललं. एकेका घरात क्लास निघाले, गल्ल्यांना मुलांची रीघ लागली, पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेतलेले बाप एस.टी. स्टँडवरून पत्ता विचारत येऊ लागले. भेगा पडलेल्या घरांवर तीन-तीन मजले चढले. मला ते मजले बघवत नसत, तरी मीही दोन चढवले. मुलं परीक्षेला भ्यायची. रात्रभर जागणारी, उलट्या करणारी, घरी फोन करून नुसती रडणारी मुलं मी पाहिली. एकदा एक मुलगी जिन्यात बसली होती. म्हणाली, "आजोबा, पेपर समोर आला की मला काहीच आठवत नाही. हात हलतच नाही." मी म्हणालो, "होतं असं."

एका जूनमध्ये आमच्या गल्लीत पाटी लागली, मुखेडकर मेस. मी लांबूनच ओळखलं. उंच, वाकलेला, परातीत कणीक मळणारा. मुठी कणकेत अशा जायच्या की मी नजर वळवली. त्या दिवसापासून मी बाजाराला मागच्या रस्त्यानं जाऊ लागलो. चौदा वर्षं. मेस माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझे भाडेकरू तिथंच जेवतात. "माधवकाकांची पोळी लई मऊ असते आजोबा," असं म्हणतात. मला वाटायचं, एखाद्या दिवशी तो दारात येईल. तो कधी आला नाही. त्याच्या त्या न येण्याचीच भीती वाटायची.

काल स्पर्धेचा पहिला दिवस होता. एका बंद पडलेल्या क्लासचं सभागृह. बाकं काढलेली, भिंतीवर अजून कसलीतरी सूत्रं रंगवलेली, मध्ये आठ बाजूंचा जाळीचा पिंजरा. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. हेवीवेटची दोन पोरं आत आली, प्रत्येक जण शंभर किलोच्या वरचा. जाळीला धक्का बसला की खुर्चीखालची फरशी हलायची. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. उठून पळू नये म्हणून धरली.

थोड्याच वेळात एकानं दुसऱ्याची मान काखेत घेतली. तीच पकड. खालच्यानं दुसऱ्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं, दोनदा. तिसऱ्यांदा थोपटायची वेळच आली नाही. पंच म्हणून एक सडपातळ तरुण होता, तो दोघांच्या मध्ये अंगानिशी पडला. शिट्टी नाही, काही नाही. स्वतःचं अंग घातलं. मान सुटली. खालचा पोरगा खोकला, उठला, आणि ज्यानं मान धरली होती त्याच्याच खांद्यावर हात टाकून हसला.

बाहेर कसा आलो ते मला याही वेळी सांगता येणार नाही. फक्त या वेळी पाय मेसच्या दारात थांबले.

दुपारची जेवणं उरकली होती. माधव फडक्यानं टेबल पुसत होता. मला पाहून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"या मास्तर. लई दिसांनी."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानंच म्हणालो, "माधव, बाबुरावनं तीनदा थोपटलं. मी पाहिलं. मी शिट्टी दिली नाही. मी पळालो. शिट्टी मी परत येऊन दिली, आणि तू लगेच सोडलंस."

टेबलावर पाण्याचं एक वर्तुळ राहिलं होतं, ते तो बोटानं पुसत राहिला. मग त्यानं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"हादरा बसला व्हता का न्हाई?"

"काय?"

"हादरा, मास्तर. समदे म्हणले दोन झटके बसले, तीन बसले. मला एकबी कळला न्हाई. धरणी हलली अन् मला कळंना, मग शिट्टी झाली असंल तीबी कळली नसंल, असं मीच समजून बसलो. त्याच्यापायी मी भांडलो न्हाई तुमच्याशी. माझाच भरवसा न्हाई राहिला माझ्यावर." त्याचा आवाज चढला नव्हता. "पोरीला कडेवर घ्यायचो, तवा बायकोला म्हणायचो, तू नजर ठिव. ती रडली अन् मला कळलं न्हाई तर?"

मी खाली बसलो. "हादरा बसला नव्हता, माधव. टिपाड होतं. डांबराचं रिकामं टिपाड."

"टिपाड?"

"हो."

"मंग समदे पळाले कशापायी?"

"मी पळालो म्हणून."

त्यानं दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिला. केवढे हात. बोटांच्या सांध्यांत कणीक वाळलेली. बाहेर मळणीयंत्राची घरघर चालू होती, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "माफी-बिफी मागू नका. मला द्यायची न्हाई. लिहून द्या. पोरीला वाचून दाखवायचंय. अन् पैल्यांदा हादऱ्याचं लिहा."

उद्या फायनल आहे. राहुलला मी सांगितलं आहे की पट्टा देण्याआधी मला एक कागद वाचायचा आहे. त्याला वाटतं भाषण आहे. माधव मुलीला घेऊन येणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे. रेणापूरला बाबुरावच्या घरच्यांनाही निरोप धाडला आहे, ते काय करतील माहीत नाही. फरशी हलेल, आणि मला पळावंसं वाटेल, हे मला ठाऊक आहे. राहुलला म्हणालो, माझी खुर्ची दारापासून लांब ठेव.

उद्या वाचायच्या कागदावर पहिली ओळ माधवनं सांगितली तीच लिहिली आहे. त्या दुपारी जमीन हलली नव्हती.